शेजारच्या सीटचा ब्रेक

मी गाडी चालवण्याच्या परीक्षेत पास झालो. पहिल्याच फटक्यात, आणि एकही खांब आडवा न करता. परीक्षकाने हात मिळवला, बाबांनी चष्मा पुसला, मावशीने ओळखीच्या सगळ्यांना कळवलं आणि ओळखीचे संपल्यावर अनोळखींना.

आता हे झालंच नाही असं समजा. मी तसंच समजून चाललो आहे. परवाना फ्रिजवर उलटा चिकटवून ठेवलाय आणि दूध काढताना मी मान दुसरीकडे वळवतो.

तर, मला गाडी येत नाही.

ही आमच्या घरात लाजेची गोष्ट आहे, कारण आमची आई गाडी शिकवते. तिची ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक छोटी पांढरी गाडी, टपावर 'शिकाऊ' अशी पाटी, आणि आई. या गाडीत इतर गाड्यांपेक्षा एक वस्तू जास्त आहे. शेजारच्या सीटसमोर, शिकवणाऱ्याच्या पायाशी, आणखी एक ब्रेक. शिकणारा भिंतीकडे निघाला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. गाडी थांबते, शिकणारा घाम पुसतो, भिंत वाचते. निम्म्या गावाच्या भिंती आईच्या उपकारावर उभ्या आहेत.

पण दिवसभर एकच काम करणाऱ्या पायाला सुट्टी म्हणजे काय ते कळत नाही. आईचा उजवा पाय घरी आला तरी ड्युटीवरच असायचा. बाबांनी चहात तिसरा चमचा साखर घ्यायला हात पुढे केला की टेबलाखालून आवाज यायचा, थप्. बाबांचा हात हवेतच थांबायचा. मावशी तिच्या मोडलेल्या लग्नाची गोष्ट काढायची, "आणि मग काय, तो माझ्याकडे बघून म्हणाला..." थप्. मावशी गप्प. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि तो काय म्हणाला हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. कॉलेजात असताना मी जाहीर केलं की मी मिशी ठेवणार. थप्. विषय संपला.

तिच्या खुर्चीसमोरच्या फरशीचा एक कोपरा गुळगुळीत झालाय. पाहुणे विचारतात, हे काय हो? आम्ही सांगतो, ब्रेक.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. बंद दारांमागून लोक ओरडत असताना शांत राहायचं, हा त्यांचा धंदा आहे आणि स्वभावही. फार पूर्वी ते आईकडे गाडी शिकायला आले होते. बरेच महिने प्रयत्न केल्यावर आईने निर्णय दिला की या माणसाला रस्त्यावर सोडता येणार नाही, आणि त्यांच्याशी लग्न केलं. लोकांच्या सुरक्षेसाठी केलं, असं ती म्हणते. लग्नाआधी ती त्यांना "अरे थांब" म्हणायची, लग्नानंतर "अहो थांबा". मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती खालच्या मजल्यावर राहते, वरच्या मजल्यावर जेवते आणि मधल्या वेळात शिवणकाम करते. मी मिक्सर आणि इस्त्र्या बनवणाऱ्या कंपनीत सूचनापत्रकं लिहितो. "यंत्र चालू असताना आत हात घालू नये" हे माझं वाक्य आहे. आईच्या मते माझ्या सगळ्या लिखाणात दम आहे तो एवढ्या एकाच वाक्यात.

शिकाऊ परवाना माझ्याकडे कधीचा होता. पण आईने मला दोनचार वेळा गाडीवर बसवलं आणि हात टेकले. "तू डोक्यात गोष्टी रचत चालवतोस," ती म्हणाली. "समोरून बस येतेय आणि तू हसतोयस. स्टिअरिंग धरायला दिलंय, लोंबकळायला नाही." तिच्या बोलण्यात कौतुकाची सगळ्यात वरची पायरी होती "मेला नाहीस." मी त्या पायरीपर्यंत कधी पोचलोच नाही.

सुरुवात पट्ट्यापासून झाली.

आई एक दिवस म्हणाली, सीटचा पट्टा छातीवर नीट बसत नाही, काहीतरी मध्ये येतं. ती मेकॅनिककडे गेली. त्याने पट्टा ओढून बघितला, सोडून बघितला. म्हणाला, "मॅडम, पट्टा एकदम झकास आहे."

"मग मला का बोचतोय? तुझं आणि त्याचं काही ठरलंय का?"

बिचाऱ्याने पट्टा बदलून दिला. नव्या पट्ट्याखालीही तेच. मग आईने सीट पुढे घेतली, मागे घेतली, पाठीशी पुठ्ठा लावून बघितला. आमच्या घरात गाडी बिघडते, माणूस बिघडत नाही, अशी पक्की समजूत होती. तो सगळा काळ ती गाडीवर उपचार करत राहिली. शेवटी मावशी तिच्या नव्या शर्टाचं माप घेत होती, आणि मावशीचा टेप मध्येच थांबला.

"ताई," मावशी म्हणाली, "हे पट्ट्याचं नाहीये गं. हे तुझं आहे."

मग तपासण्या झाल्या. सुई घालून तुकडा काढला, तो कुठेतरी पाठवला, आणि एका सकाळी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर बसलो. खोलीत एक झाड होतं. ते खरं आहे की प्लास्टिकचं, हे मी नखाने तपासत होतो.

"कॅन्सर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्तनाचा. काखेतल्या एकदोन गाठींपर्यंत पोचलाय, त्यापुढे गेलेला दिसत नाही. आधी ऑपरेशन, मग केमो, मग रेडिएशन. बरं होण्याची शक्यता चांगली आहे. तर सोमवारी..."

थप्.

डॉक्टरीणबाई थांबल्या. त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं. "काही पडलं का?"

"नाही," बाबा म्हणाले. "जरा थांबा फक्त."

बाबांना आणि मला माहीत होतं काय झालंय ते. आईने ब्रेक दाबला होता. करकचून. तिचा गुडघा ताठ झाला होता, आणि चेहऱ्यावर तो भाव होता जो एखाद्याने वळणावर स्टिअरिंग सोडून नाक खाजवलं की येतो. आम्ही तिघंही गाडी थांबायची वाट बघत बसलो.

"तर सोमवारी," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "भरती व्हा."

त्या दिवसापासून आईचा पाय बंद झाला.

आम्हाला हे लगेच कळलं नाही. बाबांनी एका संध्याकाळी, बहुतेक नकळत, तिसरा चमचा घेतला. टेबलाखाली शांतता. बाबांनी दचकून आईकडे बघितलं.

"घ्या की," आई म्हणाली. "गोड आवडतं ना तुम्हाला."

बाबा तो कप हातात धरून बाल्कनीत गेले आणि चहा पूर्ण गार होईपर्यंत आत आले नाहीत.

मग मावशी. "आणि मग काय, तो माझ्याकडे बघून म्हणाला..." सवयीने ती थांबली. कुणी काहीच केलं नाही. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. तिला पुढचं बोलायची सवयच नव्हती. "म्हणाला की... म्हणाला, तुमच्या बिल्डिंगमध्ये पाहुण्यांच्या पार्किंगची सोय नाही का."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच," मावशी म्हणाली, आणि रडायला लागली. "ताई, तू थांबवायचंस ना गं मला."

"छान होती गोष्ट," आई म्हणाली.

छान! आमच्या घरात हा शब्द फक्त हवामानाबद्दल वापरतात.

मी हे प्रकरण हातात घ्यायचं ठरवलं. आधी मिशी ठेवली. ती अशी आली की जणू माझ्या ओठावर कुणीतरी पेन्सिलला टोक केलंय. आई म्हणाली, "शोभते तुला." मग, पुढे केमो निम्मी उलटल्यावर, एकदा जेवताना जाहीर केलं की मी नोकरी सोडून गोगलगाई पाळणार आहे. घरातच. दिवाणखान्यात. शेकड्याने.

आईने घास गिळला. "पाळ की. तुला बरं वाटेल ते कर, राजा."

राजा! मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. गोगलगाईंचा मार्ग माझ्यासमोर मोकळा पडला होता आणि मला एकही गोगलगाय नको होती.

मला काय हवं होतं ते सरळ सांगतो. आई बरी व्हावी हे तर हवंच होतं, पण ते डॉक्टरीणबाईंच्या हातात होतं. माझ्या आवाक्यातलं मागणं एवढंच होतं की तिने एकदा, एकदाच, माझ्यावर ब्रेक दाबावा. आई रोज आमच्यासोबत जेवत होती आणि मला तिची आठवण येत होती. टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या प्रेमळ बाईंना विचारावंसं वाटायचं, माफ करा हं, इथे बसणाऱ्या बाई कधी परत येणार आहेत?

ऑपरेशन त्या सोमवारीच झालं होतं. एका बाजूचा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या. आई घरी आली तेव्हा तिच्या अंगातून दोन नळ्या निघत होत्या आणि त्यांच्या टोकांना दोन बाटल्या होत्या. त्या बाटल्या ठेवायला मावशीने फुलाफुलांच्या कापडाची पिशवी शिवली. ती गळ्यात अडकवून आई खिडकीपाशी उभी राहायची. गाडी खाली उभी असायची, पाटीवर धूळ.

"एका बाजूचा आरसा गेला," ती एकदा म्हणाली. "गाडी चालते. वळून बघावं लागतं, एवढंच."

मी डोळे टवकारून तिच्या पायाकडे बघितलं. विनोद आला म्हणजे मागोमाग पायही येईल असं वाटलं. पाय आला नाही.

केमोत केस गेले, मग भुवया. मावशीने पेन्सिलने नव्या काढल्या, त्या जरा वरच्या मजल्यावर गेल्या. त्यामुळे पुढचे काही महिने आई सगळ्याच गोष्टींनी चकित झालेली दिसायची. मी घरी आलो की चकित. सूप आलं की चकित. भेटायला माणसं येत. सोफ्यावर बसून सांगत की त्यांच्या नात्यातल्या एका बाईंना अगदी हेच झालं होतं, आणि पुढे त्या बाईंचं काय झालं हे आठवून मध्येच गप्प होत. पूर्वी हे गप्प करण्याचं खातं आईच्या पायाकडे होतं. आता लोकांना आपलं आपण थांबावं लागत होतं, आणि ते फार उशिरा थांबत.

केमोला टॅक्सीने जायचो. एकेकाळी आई टॅक्सीत बसली की उतरताना चालक तिच्या पाया पडायचा किंवा धंदा बदलायचा. आता एकाने फोनवर बोलत लाल सिग्नल तोडला, तर आई म्हणाली, "सावकाश हं. तुम्हालाही घाई असेल." पुढच्या सीटवरच्या बाबांनी हात मागे केला आणि माझा हात धरला. मीही धरला. पहिलीच वेळ होती, दोघांनाही पुढे काय करायचं ते कळलं नाही.

एका संध्याकाळी मी किल्ली घेऊन खाली गेलो आणि गाडीत शिरलो. तिच्या सीटवर. तिथे मी कधी बसलोच नव्हतो. पायाशी तो जास्तीचा ब्रेक. त्याचं रबर एका कोपऱ्यात झिजून खालचं लोखंड चमकत होतं, आमच्या फरशीचा कोपरा झिजलाय अगदी तसंच. मी पाय ठेवला. दाबला. गाडी उभीच होती, त्यामुळे काहीच थांबलं नाही. तरी मी बराच वेळ दाबून बसलो. शेजारी ड्रायव्हरची सीट रिकामी होती आणि काचेतून आमच्या घरातला दिवा दिसत होता.

रेडिएशन रोज होतं, सुट्टीचे वार सोडून. रोज टॅक्सी म्हणजे रोज एक नवा चालक आणि रोज तेच "सावकाश हं". तेव्हा बाबांनी डोकं चालवलं. "गाडी आहे. ह्याच्याकडे शिकाऊ परवाना आहे. कायदा म्हणतो की शिकाऊ माणसाने शिक्षकाशिवाय गाडी चालवायची नाही. म्हणजे कायद्यानेच तिला याच्या शेजारी बसायला लागेल."

कायदा आपल्या बाजूने असू शकतो ही गोष्ट मला नवीन होती. आणि मनात म्हटलं, जगात ब्रेक दाबायला माझ्याहून भारी कारण सापडणं कठीण आहे.

आईने थोडा वेळ आपल्या पायांकडे बघितलं. "हळू चालवशील?"

"तू आहेस ना ब्रेकला."

"हं," ती म्हणाली.

पट्टा ऑपरेशनच्या जागेवर घासू नये म्हणून मावशीने एक छोटी उशी शिवली. ती छाती आणि पट्ट्याच्या मध्ये धरून आई आपल्या जागेवर बसली. मी गाडी सुरू केली आणि इंडिकेटरऐवजी वायपर लावला. आई काही बोलली नाही. उजवीकडे वळतो असं दाखवून डावीकडे वळलो. "बरं चाललंय," आई म्हणाली. हिरव्या सिग्नलला थांबलो. एका चौकात गोल गोल फिरत राहिलो, कारण बाहेर कुठून पडायचं ते ठरेना. एक आजोबा चालत आम्हाला मागे टाकून गेले, थांबले, काचेवर टकटक करून म्हणाले, "ढकलायची आहे का?" आईचा पाय ब्रेकशेजारी नुसता पडून होता, बसस्टॉपवर विसरलेल्या छत्रीसारखा.

दिवस गेले. मला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. मी नीट चालवायला लागलो होतो. शेजारून कुणी थांबवणार नाही हे कळलं की माणूस आपोआप समोर बघतो. मी आरसे बघत होतो, अंतर ठेवत होतो, डोक्यात एकही गोष्ट रचत नव्हतो. फार कंटाळवाणा आणि फार सुरक्षित माणूस झालो होतो मी.

मग चप्पल.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मी गाडी लावत होतो, आई उतरून पुढे निघाली होती. गाडीला कुलूप लावून वळलो तर तिच्या दारापाशी एक चप्पल पडलेली. एकटीच. उजव्या पायाची. आणि आई पुढे, उन्हाने तापलेल्या सिमेंटवर, एक पाय चपलेत आणि एक उघडा, आरामात चाललेली.

"आई, चप्पल."

ती वळली. माझ्या हाताकडे बघितलं. मग खाली पायाकडे, दुसऱ्या कुणीतरी तो तिथे ठेवून गेल्यासारखं. "कधी सुटली?"

"तिकडेच. गाडीपाशी."

मी खाली बसलो, तिचा पाय हातात घेतला. तळवा लाल झाला होता. त्यावर बोट दाबून विचारलं, "कळतंय?"

"काय?" आई म्हणाली.

त्या दिवशीचं रेडिएशन झाल्यावर आम्ही गाडीत बसलो, पण मी किल्ली फिरवली नाही.

"कधीपासून?"

"केमो निम्मी झाली तेव्हापासून. आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही सोडून गेल्या."

"डॉक्टरीणबाई दर वेळी विचारायच्या की!"

"मी दर वेळी नाही म्हणायचे. पाय गेला असं कळलं की म्हणणार, शिकवणं बंद करा. मग काय करू, उरलेलं आयुष्य मागच्या सीटवर बसून देखावा बघू?"

"आणि त्याच्या आधी? केमो सुरूही झाली नव्हती तेव्हा? साखर, मिशी, मावशीची गोष्ट... एकदाही दाबला नाहीस तू."

आई काचेबाहेर बघत राहिली. समोर एक माणूस गाडी मागे घेत होता, चुकीची. तिचं लक्ष तिकडे होतं, पण नुसतंच.

"त्या दिवशी दाबला मी," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंच्या खोलीत. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं रे. सगळा जोर लावून दाबला, आणि गाडी आपली चाललीच. मग म्हटलं, ब्रेकच गेलाय, तर तुमच्या साखरेवर आणि मिश्यांवर कशाला दाबायचा. नंतर एकदा राहवलं नाही. तू गोगलगाई म्हणालास तेव्हा. दाबला असेन बहुतेक. कान देऊन बसले होते, वाजतो का."

"वाजला नाही."

"नाहीच वाजला."

मग एकदम एक गोष्ट डोक्यात आली. "म्हणजे इतके दिवस मी तुला घेऊन फिरतोय, शिकाऊ परवान्यावर, आणि तुझ्या बाजूला ब्रेकच नव्हता?"

"होता की गाडीला. तुझ्या पायाखाली. बघत होते रोज, तू वेळेवर दाबतोस का."

"मग?"

"मेला नाहीस," आई म्हणाली.

मी किल्ली फिरवली, कारण दुसरं काहीतरी करायला हवं होतं.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या आधी रागावल्या, मग म्हणाल्या की पायाची जाणीव हळूहळू परत येऊ शकते, काहींची पूर्ण येत नाही, वेळ द्या. पायाचे व्यायाम सुरू झाले. संध्याकाळी जेवणानंतर आई टेबलाखाली एक रबरी चेंडू तळव्याने फिरवायची. चेंडू पळून जायचा आणि तिला पत्ता नसायचा, रिकाम्या फरशीवर पाय गोल गोल फिरत राहायचा. आम्ही कुणी सांगायचो नाही. बाबा वाकून चेंडू परत तिच्या पायाखाली सरकवायचे आणि वर येऊन पेपर वाचत असल्याचं दाखवायचे.

रेडिएशनचा शेवटचा दिवस आला. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या, मावशीने घरी सगळी तयारी केली होती. परत येताना रस्ता रिकामा होता, एका बाजूला गोदामांची लांबच लांब भिंत. मी हळू चालवत होतो आणि मनाशी ठरवलेलं समजूतदार वाक्य बोलायला घेतलं.

"आई, मी काय म्हणतो. ही गाडी विकून टाकू. साधी घेऊ एखादी. तू आता दगदग सोड आणि मागे आरामात..."

आईने खाली बघितलं. मला वाटलं उशी पडली. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की तिने दोन्ही हातांनी आपला गुडघा धरलाय. खिडकीत कुंडी ठेवावी तसा तिने तो पाय उचलला, बघून बघून ब्रेकवर ठेवला, झिजलेल्या कोपऱ्यावर बरोब्बर. मग गुडघा ताठ झाला.

गाडी जागच्या जागी थांबली. माझं कपाळ हॉर्नवर.

मागून एक सायकलवाला आम्हाला वळसा घालून गेला. "शिकवता येत नाही तर रस्त्यावर कशाला येता!"

"ऐकलंस?" आई कडाडली. "आयुष्यात मला असं कुणी बोललं नव्हतं. आरसा बघितलास का थांबताना?"

"तू थांबवलीस!"

"मी थांबवली, आरसा तू बघायचास! मागे ट्रक असता म्हणजे? आणि विकू म्हणे! बापाने घेतलीय का तुझ्या? त्यांना तर मी हात लावू देत नाही. आणि ते ओठावर काय चिकटलंय इतके महिने? काढ आधी ते, समोरच्याला वाटतं काच खराब आहे. आणि हॉर्न सोड!"

हॉर्न मी वाजवत नव्हतो, माझं डोकं वाजवत होतं. मला ते उचलता येत नव्हतं. मी तसाच हॉर्नवर पडून रडत होतो आणि सगळ्या गोदामांना ते ऐकू जात होतं.

तिने थोडा वेळ वाजू दिला. मग माझ्या मानेवर हात ठेवला.

"बघितलंस ना," ती हळू आवाजात म्हणाली. "दाबायला आधी खाली बघावं लागतं. हात लावून ठेवावा लागतो. खाली बघणाऱ्याने लोकांची पोरं शिकवायची नसतात. तेव्हा शाळा बंद. पण एक विद्यार्थी अर्धवट टाकून मी शाळा बंद करत नाही. चल, आरसा बघ. गिअर टाक. लोंबकळू नकोस."

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. आई मला रोज रिकाम्या मैदानावर नेऊन फाडून खायची. माझं वळणं हे वळणं नसून विचार बदलणं आहे, असं ती म्हणाली. मागे घेताना मी चेहरा असा करतो की गाडीलाही कसंतरी होतं, म्हणाली. तिचे केस उगवत होते, बारीक, कुरळे, तिचे नव्हतेच असे. घरी बाबा रोज तिसऱ्या चमच्याकडे हात न्यायचे आणि थांबायचे. आईने खाली बघून, पाय शोधून, जागेवर ठेवून दाबेपर्यंत त्यांचा हात हवेत असायचा. मग थप्. मग बाबा समाधानाने डबा बंद करायचे.

आणि मग ते झालं, जे झालंच नाही असं आपलं ठरलंय. परीक्षक म्हणाले, "अभिनंदन. आता तुम्हाला शेजारी कुणाची गरज नाही."

गाडी आता शाळेची राहिली नाही, म्हणून नियमाप्रमाणे मेकॅनिकने तो जास्तीचा ब्रेक काढला. भोकात रबरी बूच बसवलं. टपावरची पाटीही काढली. आई म्हणते मागे पाय लांब करून बसता येतं, तिला आता तेच बरं पडतं. गोळ्या काही वर्षं चालतील. मधूनमधून तपासणी आहे, तिच्या आधीचे काही दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. बाकी मी एकटा कामावर जातो, एकटा येतो. शेजारच्या सीटवर ती उशी पडलेली असते, पट्ट्याखाली. मी लाल सिग्नलला थांबतो, आरसे बघतो, सगळं बरोबर करतो आणि कुणीही काहीही बोलत नाही.

म्हणून काल कामाच्या वेळेत, मिक्सरचं पत्रक बाजूला ठेवून, मी हा अर्ज लिहिला.

प्रति, मा. परवाना अधिकारी.
विषय : अर्जदार उत्तीर्ण झाल्याबद्दल तक्रार.

महोदय, अर्जदाराची परीक्षा आपल्या कार्यालयाने घेतली असून तीत त्यास चुकून उत्तीर्ण करण्यात आले आहे. अर्जदारास गाडी येत नाही. नियमानुसार शिकाऊ व्यक्तीस, शेजारील आसनावर शिक्षक असल्याखेरीज, वाहन चालवता येत नाही. आणि अर्जदारास यापुढेही पुष्कळ वर्षे वाहन चालवावयाचे आहे. सबब विनंती की, सदर निकाल रद्द करून अर्जदारास तहहयात शिकाऊ घोषित करण्यात यावे. काढलेला ब्रेक त्याच्या झिजलेल्या रबरासह पूर्ववत बसवण्यात यावा. आणि अर्जदाराच्या शेजारील आसनावरील विद्यमान शिक्षिकेची नेमणूक, अर्जदार शिकत असेपर्यंत, कोणत्याही कारणास्तव, वैद्यकीय कारणासह, संपुष्टात येणार नाही, असे आदेश व्हावेत.